इथे कुणाचंच डोकं दुखत नाही

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. वही नवी, पेन नवं, नोकरी नवी, बाई तेवढी जुनी. अठरा वर्षं वॉर्डात काढली, पायांच्या शिरा सुजल्या, आणि या वयात डोंगर चढायची हौस आली. रोजनिशी लिहायची मला सवय नाही, पण इथे ना शेजारीण ना ड्यूटीवरची मैत्रीण. गप्प बसले तर माझंच पोट दुखेल, म्हणून ही वही.

खिंडीखालून बोगदा खणायचं काम चाललंय. उंची चार हजार सहाशे मीटर. ड्रायव्हरने हा आकडा अशा थाटात सांगितला, जसा काही डोंगर त्यानेच रचलाय. पायथ्यापासून गाडीने सहा तासांत वर येता येतं, पण मी शहाण्यासारखं मधल्या तळावर दोन रात्री काढल्या. नियमच आहे तसा. शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यायची, पाणी भरपूर प्यायचं, पहिले दोन दिवस ओझं उचलायचं नाही, आणि डोकं दुखायला लागलं की आणखी वर जायचं नाही. दुखणं वाढलं तर सरळ खाली उतरायचं. या आजारावर खरं औषध एकच, उतरणं. बाकी सगळी मलमपट्टी.

राहायच्या खोल्या म्हणजे पत्र्याच्या पेट्या, दोन रांगांत, मध्ये अरुंद बोळ. रांगेच्या टोकाला माझा दवाखाना. खाट, हीटर, काचेचं कपाट, ऑक्सिजनचे दोन सिलिंडर आणि एक खिडकी. खिडकीतून स्वयंपाकघराच्या पायऱ्या दिसतात. स्वयंपाक करणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. मामांनी आल्या आल्या मोठा पेला भरून चहा दिला. इतका गोड की पहिल्या घोटाला दात शिवशिवले. मग दोन वेळा वाढून घेऊन जेवले. मला वाटलं होतं पहिले दोन दिवस डोकं धरून बसावं लागेल. डोकं मात्र अगदी शांत. बाई जुनी असली तरी लोखंड चांगलं आहे म्हणायचं.

६ ऑक्टोबर

रोज सकाळी आठला, चहा झाल्यावर, सगळ्यांची तपासणी. एकूण अकरा माणसं. साहेब, मामा, ड्रायव्हर आणि आठ ड्रिलवाले. ड्रिलवाल्यांत एक धिप्पाड आहे, त्याला पैलवान म्हणतात. तो माझ्यासमोर बोट पुढे करून असा उभा राहतो, जसा बालवाडीत नखं दाखवायला आलाय.

मी विचारते, डोकं दुखतंय का, मळमळ आहे का, चक्कर येते का, झोप लागली का. मग जमिनीवर रंगवलेल्या रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालायला लावते. मेंदूला सूज आली की माणसाला ही रेघ चालता येत नाही, दारू प्यायल्यासारखा भेलकांडतो. आज सगळे सरळ चालले. पैलवानाने तर परत येताना एका पायावर उडी मारून दाखवली.

एक गंमत आहे. बोटाला लावायचं यंत्र कुणाचा ऑक्सिजन चौऱ्याहत्तर दाखवतं, कुणाचा बहात्तर. एवढ्यावर माणसाने मलूल व्हायला हवं. हे लोक हसतायत, खातायत, एकमेकांची खोडी काढतायत. ही पाळी वर येऊन आठवडाच झालाय, तरी गाल सगळ्यांचे गरगरीत. मामांच्या हाताला चव आहे, दुसरं काय.

माझ्या आधीच्या सिस्टरची नोंदवही चाळली. चौऱ्याण्णव दिवस, आणि डोकेदुखीच्या रकान्यात खालपर्यंत शून्य. ती तीन आठवड्यांपूर्वी घरच्या अडचणीमुळे उतरली, असं साहेब म्हणाले. साहेब बारीक, चष्म्यातले, आवाज कधी चढत नाही. औषधांची यादी त्यांनीच समोर ठेवली आणि मी कपाटातले डबे बाहेरून मोजून सही केली. डबे बरोबर भरले.

९ ऑक्टोबर

आमच्या धाकट्याचं काम झालं.

ड्रिलचं मोठं यंत्र बसलंय आणि मेकॅनिक हवाय. माझा धाकटा भाऊ सहा महिने घरी बसून आहे. गॅरेज बंद पडलं तेव्हापासून आईसमोर ताटावर बसायलाही लाजतो. अकरा वर्षांनी लहान माझ्याहून. वडील गेले तेव्हा तीन वर्षांचा होता. आई कामावर जायची आणि हा माझ्या कडेवर. मी शाळेत जाताना रडायचा म्हणून एकदा त्याला दप्तरासकट वर्गात घेऊन गेले होते. साहेबांकडे मीच शब्द टाकला. आईला वायरलेसवरून मधल्या तळामार्फत निरोप दिला, तर तिचा उलटा निरोप आला, की त्याला उतरताना तुझ्याबरोबरच घेऊन ये, एकटा पाठवू नकोस. आईचं आपलं काहीतरीच.

एक अडचण होती. मधल्या तळावर दोन दिवस थांबला तर यंत्र दोन दिवस बंद. साहेबांनी विचारलं, त्याला सरळ वर आणलं तर चालेल का, सही तुमची लागेल. मी चौऱ्याण्णव दिवसांची शून्यं बघितली. अकरा माणसं समोर ठणठणीत उभी. हातच्या काकणाला आरसा कशाला. लिहून दिलं, थेट येण्यास वैद्यकीय हरकत नाही, आणि खाली सही केली.

११ ऑक्टोबर

आला. पायथ्याहून सहा तासांत सरळ वर. उतरल्याबरोबर मला म्हणाला, ताई, तू इथे येऊन जाडी झालीस. मी त्याला पाठीत धपाटा घातला. मामांनी चहा दिला, तो यंत्राकडे गेला तो चार तास तिथेच. यंत्र सुरू झालं. ड्रिलवाल्यांनी त्याला खांद्यावर घेतला. साहेबांनी स्वतः माझे आभार मानले. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी तो माझ्या खाटेवर आडवा झाला आणि मी शेजारी गोळ्यांची पाकिटं लावत बसले. झोपेत त्याचा श्वास थांबला. मी घड्याळ बघितलं. बावीस सेकंद काही नाही, मग खोल मोठा श्वास, मग भराभर पाच-सहा, आणि पुन्हा थांबला. उंचीवर झोपेत असं होतं, पुस्तकात आहे, घाबरण्यासारखं नाही. हे मला ठाऊक आहे. तरी दर वेळी तो थांबला की माझाही श्वास थांबत होता.

१३ ऑक्टोबर

दोन दिवस बर्फ पडतंय. खालच्या वळणावर दरड कोसळली, रस्ता बंद. सामानाचा ट्रक मधल्या तळावर अडकलाय. धान्य महिनाभर पुरेल, तेल आहे, मग काळजी कसली. पण मामांचा चेहरा उतरलाय. काय संपलं विचारलं तर म्हणाले, काही नाही, चहाची पावडर. पावडरीचे दोन डबे तर फळीवर मला दिसत होते.

साहेब दिवसातून तीनदा वायरलेसवर ट्रकची चौकशी करतात. धाकटा आज जेवला नाही, भूक नाही म्हणाला.

१४ ऑक्टोबर

आज सकाळी धाकटा धरून अकरा जणांची डोकी दुखत होती.

एकदम. एका दिवसात. पैलवान रांगेत उभाच राहिला नाही, भिंतीला टेकून बसला आणि ओकला. दोघांना रेघेवर चालता येईना. साहेबांना धाप, बोलताना छातीतून बारीक खरखर. धाकट्याने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि मला म्हणत होता, काही नाही गं, काल वाकून काम केलं ना. माझ्याही कानशिलात घण पडतायत. धड राहिले ते एकटे मामा. त्यांना चहा चालत नाही, पित्त होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. मामा ओट्याशी उभे होते आणि रडत होते. मी काही विचारायच्या आतच सांगून मोकळे झाले. रोज सकाळी चहाच्या पातेल्यात गोळ्यांची पूड. साहेब आठवड्याच्या मोजून द्यायचे. काय आहे विचारलं तर ताकदीच्या आहेत म्हणाले. चार दिवसांपासून मामा निम्म्याच टाकत होते, आज काहीच नव्हतं. रिकामं पाकीट त्यांनी मला दाखवलं.

डेक्सा.

मेंदूची सूज दाबणारी गोळी. जीव वाचवायला वापरतात, उतरता येईपर्यंत वेळ मिळावा म्हणून. शरीराला उंचीची सवय ती लावत नाही, नुसता आजार झाकते. आणि एकदम कधी बंद करायची नाही, हे पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल. भूक वाढते, गाल सुजतात, माणूस उगाच आनंदात असतो. अठरा वर्षं वॉर्डात हेच बघितलं मी. इथे समोर दहा सुजलेले चेहरे होते आणि मला वाटलं जेवण चांगलं आहे.

मी स्वतः दहा दिवस तोच चहा प्यायले. आणि त्याच चहाच्या जोरावर धाकट्याच्या कागदावर सही केली.

१५ ऑक्टोबर

कपाटातले डेक्साचे डबे उघडले. वर गोळ्यांचं एकेक पाकीट, खाली कापूस. पाकिटंही फोडलेली, आत काही नाही. यादीवर सही माझी.

साहेबांकडे गेले. ते खाटेवर बसून होते, आडवं झालं की गुदमरतं म्हणून. मी खूप बोलले, जन्मात कुणाला बोलले नसेन. त्यांनी सगळं कबूल केलं. हिवाळ्याआधी बोगदा पार करायचा होता, माणसं दर पाळीला आठवडाभर आजारी पडत होती. आधीच्या सिस्टरने हे पकडलं तेव्हा तिला त्याच दिवशी खाली पाठवलं. मला म्हणाले, पण सिस्टर, चौऱ्याण्णव दिवसांत कुणी आजारी पडलं का. मी म्हटलं, पडले सगळे, दिसलं कुणाला नाही. मग त्यांनी उशीखालून सहा गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. स्वतःसाठी ठेवल्या होत्या. मला दया यायला हवी होती ती आली नाही.

वायरलेसवर मधल्या तळाचं म्हणणं, ढग हटेपर्यंत हेलिकॉप्टर येणार नाही, दरडीपर्यंत गाडीने या, पुढे चालत उतरा, आम्ही माणसं समोर पाठवतो. उद्या पहाटे निघायचं.

धाकट्याला रेघेवर चालवलं. तिसऱ्या पावलाला तोल गेला. हसला. मी नोंदवहीत तोल जाण्याचा गुण एक लिहिला, म्हणजे थोडा. दोन लिहायला हवा होता, म्हणजे लगेच उतरवा.

१६ ऑक्टोबर

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते, कुणीतरी वाचेल.

पैलवानाला उठवता येत नव्हतं. तो स्वतःच्या घरात असल्यासारखा दार लावा, दार लावा म्हणत होता. साहेबांच्या तोंडातून गुलाबी फेस. दोन स्ट्रेचर. या उंचीवर एका स्ट्रेचरला चार माणसं लागतात, म्हणजे ड्रायव्हर धरून होती नव्हती ती आठही माणसं गेली. धाकटा तिसरा होता. त्याला चालता येत होतं. सिस्टर म्हणून ठरवलं, बहीण म्हणून नाही. त्याला मी आणि मामा धरून आणणार.

गोळ्या सहा. वाहणाऱ्यांपैकी ज्यांची हालत वाईट होती अशा पाच जणांना एकेक दिली. सहावी ड्रायव्हरची होती. ती मी मुठीत ठेवली आणि धाकट्याला दिली. हो, दिली. कुणाला सांगितलं नाही. एक सिलिंडर साहेबांबरोबर पाठवला.

गाडीत स्ट्रेचर आणि उचलणारे, बस. आम्हाला जागा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, दरडीपाशी त्यांना उतरवतो, तुमच्यासाठी फिरतो, मग सगळे मिळून पुढे उतरू. आम्ही चालायला लागलो. पहिल्या वळणाला धाकटा खाली बसला आणि ओकला. गोळीही पडली. मी गुडघ्यावर बसून बर्फात बोटांनी शोधली. तो पिवळा चिखल मी चाळत होते आणि तो मला म्हणत होता, ताई, घाण आहे, हात घालू नको. सापडली नाही.

गाडी फिरली नाही. एक तास बघितली वाट. वारा सुटला, वळण दिसेनासं झालं. मी आणि मामांनी त्याला काखेत धरून, ओढून परत आणला. चारशे पावलं. मध्ये सात वेळा बसलो.

आता पिशवी. खाटेखाली होती, लाल, माणसाएवढी लांब. आजारी माणसाला आत झोपवून चेन लावायची आणि पायाने पंप मारायचा. ती फुगते, आत दाब वाढतो, आणि माणूस इथेच असला तरी शरीराला वाटतं दीड-दोन हजार मीटर खाली उतरलो. तोंडाशी एक पारदर्शक खिडकी आहे. फुगल्यावरही पंप थांबवायचा नसतो. दर पाच सेकंदांनी एक. थांबला की आतल्या माणसाला स्वतःचाच सोडलेला श्वास परत परत घ्यावा लागतो. मग गुदमरतो.

मामा आणि मी आळीपाळीने.

१७ ऑक्टोबर, सकाळ

बरा झाला होता.

पहाटे बाहेर काढला तर उठून बसला, पाणी प्यायला, मामांना चिडवलं की तुमचा चहा आता नको बाबा. बोट धरून रेघेवर चालला. पिशवीचा उपयोग तेवढाच असतो. दोन-तीन तास मिळतात, त्या वेळात उचलायचं आणि उतरायचं. मला माहीत आहे हे. इथे येण्याआधी हेच तर शिकवलं होतं. तो म्हणाला, ताई, दहा मिनिटं डोळे मिटू दे. मी म्हटलं बरं.

मी पण मिटले. उठले तेव्हा उजाडून दोन तास झाले होते. त्याचे ओठ निळे. हाका मारल्या, चिमटे काढले, छातीवर मुठीने घासलं, तेव्हा फक्त डोळे फिरले. देवा, दहा मिनिटं मागितली त्याने आणि मी आईसारखी वागले.

पुन्हा आत. दुसरा सिलिंडरही नळीने आत सोडला होता, तो संपला.

१७ ऑक्टोबर, दुपार

वायरलेस नुसता खरखरतो. काल शेवटचं ऐकलं ते, स्ट्रेचर पोचले, माणसं निघतील. निघाली असतील तर उद्या दुपारपर्यंत.

शंभरातून सात वजा करत बघितलं. त्र्याण्णव. शहाऐंशी. पुढचं येईना. रेघेवर चालून बघितलं तर कपाटावर आपटले. मामा हसले, मग मी हसले. आता मामांचाही श्वास वाजतो. त्यांनी कधी चहा घेतला नव्हता, पण काल त्यांनीच जास्त ओढला त्याला.

खाटेवर बसून पाय पंपावर, वही मांडीवर. लिहीत राहिलं की झोप लागत नाही. खिडकी आतून धुकट होते, पुसली जाते, पुन्हा होते. म्हणजे श्वास आहे.

१८ ऑक्टोबर, सकाळ

रात्रभर आळीपाळीने. दोन तास मामा, दोन तास मी.

पाणी संपलं. मामा बर्फ आणायला पातेलं घेऊन गेले. खिडकीतून दिसतायत. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेत, पातेलं मांडीवर.

हाक मारली. वळले नाहीत.

आता बराच वेळ झाला. खांद्यावर बर्फ साचलंय. वितळत नाही. मी जाऊन बघायला हवं. वीस पावलं जायला, वीस यायला. पंप तेवढा वेळ — नाही. नाही जाता येणार.

मामा, माफ करा.

१८, दुपार

बारा वाजले. कुणी नाही.

पिशवी उघडून बसवायला बघितलं. उठत नाही. मी एकटी उचलू शकत नाही, पिंढरीतले गोळे सुटत नाहीत, डाव्या पायाने मारते आता. पुन्हा बंद केली.

आतून टकटक केली त्याने. खिडकीवर बोटाने. एक. मी बाहेरून एक केली. पुन्हा एक. जिवंत आहे माझा सोन्या. जागा आहे. ऐकतोय.

बारा एका मिनिटाला. बारा. मोजते.

सही मी केली. हे लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाची नाही.

१८. उन्हं उतरली

डोकं फुटतं. अक्षरं दोन दोन दिसतात.

टक. केली मी पण.

आवाज आला बाहेर. माणसं? पत्रा होता. वारा.

एकदा थांबले होते. किती वेळ ते — पिशवी सैल झाली होती — मारले भराभर — खिडकी धुकट झाली — झाली. आहे.

झोपायचं नाही. लिहायचं. आई, आणते मी त्याला. एकटा नाही पाठवत.

तारीख

बरा झाला.

समोर खुर्चीवर बसलाय. गालावर रंग आलाय. मला म्हणतो, ताई, किती मारशील, पाय सोड आता. सोडला. किती बरं वाटलं ते काय सांगू, पाय जमिनीला लागला आणि हसूच आलं मला. डोकं पण दुखत नाही. अगदी शांत. तो बोलतोय, आईचं, गॅरेजचं, त्याला मी शाळेत नेलं होतं ते. सगळं आठवतंय त्याला. म्हणतो, आता आपण सावकाश उतरू, घाई नाही, तू लिही, किती छान लिहितेस. म्हणून लिहितेय. बऱ्याच दिवसांनी एवढी सलग वाक्यं आली.

खोली थंड आहे. बोलताना माझ्या तोंडातून वाफ येते. त्याच्या येत नाही.

चेन मी कधी उघडली ते आठवत नाही.

चेन बंद आहे.

पिशवी तिथेच आहे — बसलीय थोडी — मऊ — खिडकी पांढरी आतून — बोटं आहेत — टक — टक टक —

तो म्हणतो तिकडे बघू नको ताई, लिही — पान भरलं एवढं — एवढा वेळ माझा पाय